किटलीसाठी काढलेला प्लग

मी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं आणि माझं डोकंच फिरलं. माझा निळा दिवा विझलेला! त्याचा प्लग काढून तिथे किटली लावलेली, आणि एक अनोळखी तरुण येर्बाचा कडू चहा नळीने निवांत ओढत बसलेला.

"दिवा कुणी काढला?"

"मी... पाणी तापवायचं होतं." तो गडबडून उठला. "मी एलिसेओ. आजच रोसारिओहून शेजारच्या प्रयोगशाळेत आलोय. चहा घेणार?"

"डोक्यावर ओतू का तुझ्या? या किटलीपायी माझे दोन महिने पाण्यात गेले!"

दिव्यासमोरच्या काचेच्या चंबूत माझा शेवटचा चिमूटभर माल होता, अकरा पायऱ्यांनी बनवलेला. निळ्या उजेडात रॅडिकल, म्हणजे रेणूंचे चळवळे तुकडे, जागे होतात आणि निकेल धातू दोन वेगळ्या तुकड्यांची गाठ बांधतो. महिनाअखेरपर्यंत ती गाठ बसली नाही, तर शिष्यवृत्ती बंद आणि मी परत गावी, बाबांच्या दुकानात. अख्ख्या कोर्दोबा शहराला ऐकू जाईल इतकी मी ओरडले.

"अकराही पायऱ्या मी करून देतो," तो म्हणाला. "तू फक्त... शिव्या दे."

"त्या मिळतीलच!"

तीन आठवडे तो सकाळी सातला हजर, मध्यरात्रीपर्यंत राबायचा. त्याच्या कपाळावरची आठी, त्याचं चोरून बघणं – सगळ्याचा मला राग यायचा. एका रविवारी तो आला नाही, तर त्याचाही आला.

शेवटच्या जोडणीला त्याने चंबूचं रबरी बूच दाबून बसवलं.

"या वेळी हवा शिरणार नाही," तो पुटपुटला.

"या वेळी? म्हणजे?"

तो बूच पुन्हा दाबू लागला.

"एलिसेओ, बोल!"

"त्या दिवशी चंबू धुताना दिसलं... तुझ्या बुचाला चीर होती. हवा लागून सगळं आधीच मेलं होतं, यामिला. दिवा चालू असता तरी काही जुळलं नसतं."

माझी कानशिलं तापली. "आणि तू मुकाट्याने राबलास? सांगायला काय धाड भरली होती?"

"सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, ठीक आहे, जा." त्याने उगाच चष्मा पुसला. "मला जायचं नव्हतं."

दिवसभर मी त्याच्याशी बोलले नाही. संध्याकाळी तपासणी यंत्राचा कागद हातात आला आणि मी तडक त्याच्या टेबलापाशी गेले.

"जुळलं. एकाहत्तर टक्के. आता तुला इथे यायचं काही कारण उरलं नाही."

"हो..." त्याचा चेहरा उतरला.

"हो काय, हो? मला तू आवडतोस, मूर्खा!"

"मग... याचाही राग आलाय?"

"सगळ्यात जास्त!" मी म्हटलं, आणि कॉलर धरून त्याला जवळ ओढलं.