न बिघडणारं मशीन

प्रेमकथेतल्या नायिकेनं पहिलं वाक्य जरा बरं बोलावं, अशी आपली अपेक्षा असते. गौतमी दौंडातल्या त्या दुकानाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “दादा, प्लग हाय का?”

त्यातही ‘दादा’. नायकाचं म्हणाल, तर तो त्या वेळी टेबलाखाली उताणा पडून, तोंडात टॉर्च धरून कुणाच्या तरी कॉम्प्युटरची वायर शोधत होता. त्याला आधी धुळीनं भरलेल्या चपला दिसल्या, मग एका लॅपटॉपची घरघर ऐकू आली. घरघर अशी होती की माणसाआधी त्याला लॅपटॉपचीच काळजी वाटली.

“हा लॅपटॉप हाय का पिठाची गिरणी?” त्यानं टॉर्च काढून विचारलं.

“गिरणी बरी, दळण तरी देती. हा नुसता हँग होतो. प्लग हाय का न्हाई?”

प्लग होता. नायकाचं नाव सम्राट, आणि साम्राज्य म्हणजे स्टेशनपासून पाच मिनिटांवरचं दहा बाय आठचं कॉम्प्युटरचं दुकान. दारात खुर्ची टाकून त्याचे वडील, खंडू आबा, बसायचे. रेल्वेत पॉइंट्समन म्हणून त्यांची नोकरी झाली होती. आयुष्यभर गाड्या बरोबर रुळावर घातल्या, आता गिऱ्हाइकं आत घालत होते.

गौतमी शिरूरची. बहिणीला गाडीत बसवायला दौंडला आली होती. बहीण गेली, परतीच्या एसटीला तासभर होता, आणि फोनवर एक माणूस सारखा ‘ड्रॉइंग कधी देताय, मॅडम?’ विचारत होता. मार्चमधलं ऊन डोक्यावर घेऊन ती प्लग शोधत निघाली, आणि पहिलं उघडं दुकान सम्राटचं लागलं. योगायोग म्हणायचा तो एवढाच.

लॅपटॉपच्या पडद्यावर सम्राटला लोखंडाचा एक ठोकळा दिसला, मधोमध कोरलेला.

“हे काय?”

“साचा. पंपाचं प्लास्टिकचं झाकण बघितलंय ना? ते असल्या साच्यातनं निघतं. साचा कारखान्यात बनतो, पण आधी त्याचं ड्रॉइंग कुणीतरी करावं लागतं. ते मी करते.” सात वर्षं तिनं रांजणगावच्या एका कंपनीत हेच काम केलं होतं. जानेवारीत राजीनामा दिला आणि शिरूरच्या घरात, खिडकीपाशी टेबल टाकून स्वतःचं काम सुरू केलं. हे तिचं पहिलंच काम होतं आणि लॅपटॉपनं त्यातच मान टाकली होती.

“मला मशीन घ्यायचंय,” ती म्हणाली. “तेवढ्याच पैशात नवा डेस्कटॉपचा प्रोसेसर येतो, न्हाईतर सर्व्हरचा जुना. मोबाइलवर निम्मी माणसं ह्याचं गुणगान गात्यात, निम्मी त्याचं. तुम्ही सांगा.”

प्रश्न सोपा होता. मोठी ऑफिसं आपले सर्व्हर चार-पाच वर्षांनी काढून टाकतात आणि त्यातले प्रोसेसर स्वस्तात बाजारात येतात. अशा एका प्रोसेसरमध्ये चौदा कोअर असतात, म्हणजे कामाला चौदा जण. पण प्रत्येकाची चाल संथ. नव्या डेस्कटॉपमध्ये जण सहाच, पण एकेक चपळ. लग्नाचे व्हिडिओ करणारे जुन्या सर्व्हरवर जीव टाकतात, कारण त्यांचं काम चौदा जणांत वाटता येतं. म्हणून ‘तुम्ही दिवसभर नेमकं काय करता?’ एवढं विचारलं की उत्तर मिळतं.

सम्राटनं ते विचारलं नाही. तो तिच्या कपाळावर आलेली बट बघत होता... आणि ती बट ती दर दोन मिनिटांनी खालचा ओठ काढून फुंकरीनं उडवत होती. त्यामुळे तो म्हणाला, “तुमचंच काम घेऊन या. दोन्ही मशीनवर लावू. भिंतीवरचं घड्याळ बघायचं, कोण पुढं जातंय ते. माझी पद्धतच हाय तशी.”

पद्धत खरीच होती. सगळं दौंड त्या पद्धतीवर विश्वास ठेवत होतं.

“कवा येऊ?”

“गुरुवारी.” गुरुवारच का, ते त्यालाही माहीत नव्हतं. जवळचा वार तोंडात आला.

गुरुवारी ती आली. या वेळी चपला धुतलेल्या होत्या, हे सम्राटनं बघितलं आणि स्वतःला चांगलं झापलं की गिऱ्हाइकाच्या चपला काय बघतोस. त्यानं दोन मशीन शेजारी शेजारी उघडी मांडली होती, पंखे तेवढे बसवायचे होते. तिनं वाकून एका प्रोसेसरवर बोट ठेवलं आणि तिच्या बोटाला प्रोसेसर थंड ठेवायची राखाडी पेस्ट लागली.

“पुसायला काय हाय?”

त्यानं फडकं दिलं. ते फडकं त्यानं नंतर धुतलं नाही. तसं तो ते कधीच धूत नसे, पण या वेळी त्याला कारण होतं.

“काय लावू?” त्यानं विचारलं. “साच्याचं शेवटचं चित्र काढायचं असतं ना गिऱ्हाइकाला दाखवायला? चकाकतं, फोटोसारखं? ते लावू?”

“लावा.”

पंखे बसले आणि दोन्हीकडं एकदमच काम सुरू झालं. सर्व्हरचा पंखा गरजायला लागला. चहा आला. सर्व्हरचं चित्र चहा संपायच्या आत तयार झालं. डेस्कटॉप बिचारा कप विसळून झाले तरी निम्म्यातच होता.

“म्हातारा लई पळतोय की,” गौतमी म्हणाली.

“अनुभव असतो म्हाताऱ्याला.”

“आन् तुम्ही? तुम्ही सर्व्हर का डेस्कटॉप?”

“मी...” सम्राटनं दाराकडं बोट केलं. “आबांना विचारा.”

“ह्यो?” आबा दारातून म्हणाले. “ह्यो नुसता पंखा हाय. आवाज लई, वारा न्हाई.”

गौतमी हसली. हसताना तिनं तोंडावर हात घेतला नाही, त्याच्याकडंच बघत राहिली, आणि त्यानं उगाचच एक स्क्रू उघडून पुन्हा बसवला.

“मग ठरलं,” ती म्हणाली. “सर्व्हरच घेते. सोमवारी न्यायला येते हां.” ‘दादा’ म्हणायचं तिच्याकडून राहून गेलं. सम्राटनं ते बरोबर टिपलं.

आता जे झालं ते स्पष्ट सांगून टाकतो. सम्राटनं त्या दिवशी अर्धीच परीक्षा घेतली. चकाकतं चित्र गौतमीला एका साच्यामागं एकदाच काढायचं होतं, अगदी शेवटी. उरलेले सगळे दिवस रेघ मारणं, साचा फिरवून बघणं, भोक इकडं सरकवणं, पुन्हा तिकडं सरकवणं. त्या कामात एकच कोअर राबतो आणि बाकीचे तेरा बसून बघतात. तिथं डेस्कटॉपच हवा. हे सम्राटला, न विचारताही, पडद्यावरचा साचा बघून पहिल्या दिवशीच कळलं होतं.

मग बोलला का नाही? कारण डेस्कटॉप बिघडत नाही. नवा प्रोसेसर एकदा बसवला की पाच वर्षं कुणी दुकानदाराचं नाव काढत नाही. जुना सर्व्हर मात्र कधी पंख्यासाठी, कधी मेमरीसाठी महिन्या-दोन महिन्यांनी दुकानात आणावा लागतो, आणि ज्यानं जुळवला त्याच्याकडंच आणावा लागतो. म्हणजे दौंडला. गौतमी त्याला आवडली होती आणि ती पुन्हा पुन्हा यावी असं त्याला वाटत होतं. एवढं साधं होतं, आणि एवढंच वाईट.

शनिवारी त्यानं सर्व्हर जुळवला. रविवारी पुन्हा उघडला, पुन्हा जुळवला. जेवताना भाकरी तशीच ताटात राहिली.

“काय रं,” आबा म्हणाले, “त्या पोरीला चहात साखर कमी लागती, हे तुला एका कपात कळलं. मशीन कुठलं लागतंय ते कळंना व्हय?”

“कळलंय, आबा.”

“मग?”

सम्राट उठून हात धुवायला गेला. 

सोमवारी गौतमी सकाळच्याच गाडीनं आली. मशीन खोक्यात बांधून तयार होतं. ती घाईत होती, आणि खूश होती, आणि घाईत खूश असलेली माणसं जास्त बोलतात.

“पंधरा दिवसांत ड्रॉइंग द्यायचंय,” ती म्हणाली. “काम देणारे म्हणाले, हे वेळेत दिलं तर पुढचे चार साचे तुमचेच. न्हाई दिलं तर...” तिनं खांदे उडवले. “तर परत सकाळी साडेपाचला उठून कंपनीच्या बसला हात करायचा. आई म्हणतीच हाय, चांगली पर्मनंट नोकरी सोडली म्हणून. तिला खरं ठरवायचं न्हाई मला. उचला खोकं.”

सम्राटनं खोकं उचललं. दारापर्यंत नेलं. आबा खुर्चीतून उठून बाजूला झाले. आणि उंबऱ्यात त्यानं ते पुन्हा खाली ठेवलं.

“हे तुमच्या कामाचं न्हाई,” तो म्हणाला.

“काय?”

“ह्याच्यावर तुमचं ड्रॉइंग पंधरा दिवसांत व्हायचं न्हाई. लॅपटॉपपेक्षा बरं चालंल, पण... अडकत चालंल. मी तुम्हाला त्या दिवशी अर्धंच दाखवलं.”

गौतमी त्याच्याकडं बघत राहिली. बट कपाळावर आली होती; या वेळी तिनं ती उडवली नाही.

“मोटारसायकल एकानंच चालवायची असती,” सम्राट म्हणाला. “मागं तेरा जण बसवले म्हणून ती जोरात पळत न्हाई. तुमचं ड्रॉइंग तसलं हाय. डेस्कटॉप घ्या.”

“हे तुम्हाला गुरुवारी माहीत होतं?”

“व्हय.”

“मग का न्हाई सांगितलं?”

तिच्या आवाजात चढ नव्हता, त्यामुळं त्याला जास्त भीती वाटली. एखाद्यानं काहीतरी सजवून सांगितलं असतं. सम्राटला सजवता येत नव्हतं.

“डेस्कटॉप बिघडत न्हाई म्हणून.”

“म्हंजी?”

“हे मधनं मधनं बिघडतं. मग आणावं लागतं... इथं.” त्यानं ‘इथं’ म्हणताना दुकानाकडं हात केला आणि हात मध्येच सोडून दिला. “तुम्ही आला असता.”

आबा एकदम रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. शेजारच्या टपरीवर कुणीतरी भजी तळत होतं, त्याचा चरचर आवाज फार मोठा वाटायला लागला. गौतमीचे कान लाल झाले होते – रागानं की कशानं, ते सम्राटला कळायला मार्ग नव्हता, आणि मान वर करून बघायची त्याची छाती नव्हती.

“ड्रॉइंग लावा,” ती शेवटी म्हणाली. “दोन्हीवर.”

त्यानं खोकं उघडलं. दोन्हीवर तिचा साचा उघडला. तिनं सर्व्हरवर माऊस धरला आणि साचा फिरवला. साचा थांबला, विचार केला, मग झटका देऊन फिरला. मग ती डेस्कटॉपवर बसली. तिथं हाताबरोबर साचा फिरत होता. ती बराच वेळ तो नुसता फिरवत राहिली, इकडून तिकडं, तिकडून इकडं.

“हेच द्या.”

“देतो.”

“माझे चार दिवस गेले तुमच्यापायी.”

“व्हय. चुकलंच माझं.”

“माझं काम बुडलं असतं. कशासाठी, तर तुम्हाला मी यायला पाहिजे होते.” तिनं पर्स बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. “सरळ विचारायचं ना माणसानं.”

 चहा न घेता ती गेली. डेस्कटॉपचं खोकं एसटीत त्यानंच चढवून दिलं आणि खिडकीतून तिनं मान हलवली की नाही, यावर तो पुढचे काही दिवस स्वतःशी भांडत होता.

पंधरा दिवस गेले, वीस गेले. त्यानं ते मशीन इतकं नीट जुळवलं होतं की एक वायरसुद्धा ढिली राहिली नव्हती. फोन यायची काही सोयच नव्हती. ‘मशीन कसं चाललंय’ असं विचारायला त्यानं तीनदा नंबर काढला. पण तो प्रश्न म्हणजे पुन्हा एक निमित्त झालं असतं, आणि निमित्तांचा त्याला वीट आला होता. लाज वाटत होती आणि तिची आठवणही येत होती. दोन्ही एकदम आलं की माणूस गिऱ्हाइकांवर डाफरतो, तसा तो डाफरत होता. आबांनी खुर्ची चार पावलं लांब सरकवून घेतली.

बाविसाव्या दिवशी, भर दुपारी फोन वाजला.

“सम्राट कॉम्प्युटर्स?”

“बोला.” आवाज त्यानं लगेच ओळखला होता. हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचं मात्र विसरला.

“ड्रॉइंग पास झालं. दोन दिवस आधीच दिलं मी. पुढचे चारही मिळाले.”

“बरं झालं... लई बरं झालं. मशीन?”

“त्याच्याबद्दलच तक्रार करायचीय.” ती थांबली. सम्राट मनातल्या मनात मशीन पुन्हा उघडायला लागला. काय राहिलं, कुठला स्क्रू, कुठली वायर. “बावीस दिवस झाले, एकदाबी बंद पडलं न्हाई. पंखा वाजत न्हाई, हँग होत न्हाई. मी परवा मुद्दाम दोन साचे एकदम उघडून बघितले, तरी काय न्हाई. आता घरात काय सांगून दौंडला यायचं मी?”

सम्राटनं हातातला स्क्रूड्रायव्हर आत्ता कुठं टेबलावर ठेवला. 

“न्हाई, मी आपली बसलीय वाट बघत की हे बिघडतंय कवा. आन् तिकडं तुम्हीबी बसला असाल.” मग एक मोठा श्वास ऐकू आला, आणि तिचा आवाज बदलला. “दौंडवरनं शिरूरला गाडी येत न्हाई का रे?”

रे. आतापर्यंत ती रागावली तरी ‘तुम्ही’च म्हणाली होती. सम्राटनं फोन दुसऱ्या कानाला लावला, त्या कानालाही तेच ऐकू येतंय का ते बघायला.

“येती की,” तो म्हणाला. “न्हावऱ्यावरनं येती. पण मी येऊन तुझ्या घरी काय सांगू? दुरुस्तीला आलोय म्हणू?”

“बिघडलं न्हाई म्हणतेय ना काही,” गौतमी म्हणाली. “तसाच ये.”