टूथपेस्टवर चाललेला आवाज

कॉम्प्युटर उघडून त्याने प्रोसेसरवरचा पांढरा थर बघितला. वाकून त्याने वास घेतला.

“पुदिना,” तो म्हणाला.

मी ओशाळले. बाहेर सकाळपासून पावसाची पिरपिर चालली होती. भर दुपारी दिवा लावावा लागला होता. नेहमीचे दुरुस्तीवाले आजारी, म्हणून त्यांच्याऐवजी हा आला होता — ओल्या बाह्यांचा, अनोळखी.

“प्रोसेसरला लावायची पेस्ट कुठे मिळेना,” मी म्हटलं. “मग इंटरनेटवर वाचलं आणि... दात घासायची लावली.”

“ही बरी म्हणायची. लोक लोणीसुद्धा लावतात.”

“मग?”

“मग घरभर वास आणि कॉम्प्युटर ढिम्म.”

मला हसू आलं. या घरात कोणी हसून बरेच दिवस झाले होते.

पलीकडे कॉटवर बाबा होते. आजाराने आधी त्यांचे हातपाय नेले, मग जीभ. उरले फक्त डोळे. नजरेने ते पडद्यावरची अक्षरं निवडत आणि कॉम्प्युटर ते वाक्य बोलून दाखवी. तो तापून बंद पडला, की बाबा मुके.

“दोन धातूंमध्ये बारीक फटी राहतात,” थर पुसता पुसता तो सांगत होता. “तिथली हवा उष्णता अडवते, म्हणून पेस्ट भरायची. टूथपेस्ट दोन दिवस काम करते, मग पाणी उडून तिचा खडू होतो.”

“आणि कोल्ड क्रीम?”

“ओघळतं. लावून बघितलंय मी... स्वतःच्याच मशीनवर. गेलं बिचारं.”

मग त्याने दोन नळ्या पुढे धरल्या. “ही जास्त थंड ठेवते, पण वर्षभरात सुकते. ही जरा कमी, पण वर्षानुवर्षं टिकते. कुठली लावू?”

मी बाबांकडे पाहिलं.

“जास्त थंड ठेवणारी,” मी हळूच म्हटलं. “वर्ष... पुरेल.”

त्याने मान वर केली. क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग दाण्याएवढा ठिपका ठेवून पंखा बसवला — अगदी अलगद, जणू दुखेल कुणाला.

त्यानंतर तो दर आठवड्याला यायला लागला. तापमान तपासायला, म्हणे. मी चहा टाकायची, तो बाबांशी गप्पा मारायचा. एकदा तो पडद्याऐवजी माझ्याकडे बघत बसला होता आणि कॉम्प्युटर आपल्या सपाट आवाजात म्हणाला, “ताप कुणाचा बघायला येतोस? मशीनचा, की हिचा?”

त्याचे कान लाल झाले. मी कप उचलून आत पळाले. बाबांचे डोळे मात्र हसत होते.

थंडी संपता संपता बाबा गेले. बोलत बोलतच गेले, तेवढं समाधान.

घर सुनं झालं. आठवडाभराने तो दारात उभा होता, हातात अवजारांची पिशवी नव्हती.

“आता तपासण्यासारखं काही उरलं नाही,” मी म्हटलं.

“माहीत आहे.”

तो कॉटशेजारी बसला. मी रडत होते, आणि तो मला रडू देत होता.

“तुम्ही एकदा आत होतात,” तो शेवटी म्हणाला, “तेव्हा काकांनी विचारलं होतं... ‘मी नसलो तरी येशील का?’ मी हो म्हटलं. पण तुम्हाला विचारायचं राहिलंच.”

मी डोळे पुसले.

“मग विचार ना,” मी म्हटलं. त्याला ‘तू’ म्हणायची ती माझी पहिलीच वेळ.