यमुनावहिनींची पिशवी

शनिवारी रात्री खिचडी केली होती. लंडनमधल्या माझ्या हाउन्सलोच्या घरात वरच्या दोन खोल्यांत दोन पोरं भाड्यानं राहतात, क्षितिज आणि वरदा. दोघं शिकलेली, दोघं नोकरीला, आणि स्वयंपाकाच्या नावानं शंख. म्हणून शनिवारी खाली माझ्याकडं जेवतात. क्षितिजनं लोणच्याची फोड तोंडात घातली आणि तोंड वाकडं केलं.

"काका, हे किती कडू आहे. कसलंय?"

"कडू संत्र्याचं. इथले लोक ज्याचं मार्मालेड करतात ते."

"खारट पण झालंय," वरदा म्हणाली. "कुणी केलं?"

"पुरुषोत्तमनं."

"ते तुमचे एअरपोर्टवरचे फ्रेंड? त्यांना तर चहापण करता येत नाही."

"नाहीच येत. म्हणून खारट झालंय. संत्री कुठून आली ते शेवटी सांगतो. क्षितिज, कानातलं ते इयरफोन काढ आधी. मी दोनदा सांगणार नाही."

त्यानं काढलं. बाहेर शेवटची विमानं उतरत होती. ती थांबली की आमच्याकडं एकदम शांत होतं. ती थांबेपर्यंत मी थांबलो, मग सुरू केलं.

पुरुषोत्तमनं आणि मी अठ्ठावीस वर्षं विमानात सामान चढवलं. दोघंही सातवीच्या पुढं गेलो नाही. त्याची बायको यमुनावहिनी. बाई सोन्यासारखी, आणि हा माणूस दगड. म्हणजे वाईट नव्हे. पण चालायला लागला की पुढं. सुटला की सुटला. वहिनी मागून, हातात कापडी पिशवी, गुडघा दुखरा, एक पाय जरा ओढत. हाय स्ट्रीटवर कुणीही बघावं, पुढं हा, मागं त्या. मधून मधून त्यांची हाक यायची, "अहो, थांबा जरा." हा मागं न बघता हात हलवायचा. चल, चल. मग घरी पोचायचा, कुलूप उघडायचा, आणि दारात उभा राहून त्यांची वाट बघायचा. जन्मभर असंच.

"माझे बाबापण असेच चालतात," वरदा म्हणाली.

"सगळ्यांचे बाबा असेच चालतात. ऐक."

दर जानेवारीत फळवाल्याकडं कडू संत्र्यांची खोकी यायची. वहिनी त्यांचं लोणचं घालायच्या, कारण इथं ईडलिंबू मिळत नाही. खोक्यावर चित्र होतं. नदी, मनोरा, आणि रस्त्याच्या कडेला संत्र्यांची झाडं. स्पेनमधलं सेव्हिल. वहिनी म्हणायच्या, फुटपाथवर संत्री लागतात आणि कुणी तोडत नाही, असं गाव मला एकदा बघायचंय. त्यांच्या मुलीनं, सुलक्षणानं, ती मँचेस्टरला असते, लग्नाच्या पन्नाशीला दोघांची तिकिटं काढून दिली. जानेवारीची.

नोव्हेंबरात वहिनी गेल्या.

दिवाळीचा फराळ अजून डब्यात होता. दोघं बाजारातून परत येत होते. पुरुषोत्तमला ऐकू येत नाही, कानात मशिन घालावं लागतं. त्या दिवशी घातलं नव्हतं. बाजारात काय ऐकायचंय, म्हणाला. नेहमीसारखा पुढं आला, कुलूप उघडलं, दारात उभा राहिला. वहिनी दिसेनात. हा उभाच. मग मागं गेला. कोपऱ्यावर लोक जमले होते. वहिनी फुटपाथवर, आणि भोवती पिशवीतले बटाटे पसरलेले.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. दोन मिनिटांत सगळं झालं असेल. सगळ्यांनी त्याला समजावलं. पण त्याच्या डोक्यात एकच होतं. मला विचारायचा, "शशी, तिनं हाक मारली असेल का रे?" मी म्हणायचो, नसेल मारली. तो म्हणायचा, "तुला काय माहीत." खरंच होतं. कुणालाच माहीत नव्हतं. ज्याला ऐकू यायला हवं होतं तो बहिरा.

सुलक्षणा म्हणाली, तिकिटं कॅन्सल करते. हा नाही म्हणाला. शेवटी सुलक्षणानं स्वतःचं तिकीट काढलं आणि बाप-लेक गेले. बरोबर वहिनींची पिशवी घेतली. रिकामीच. खांद्याला लावून. घराची किल्ली माझ्याकडं दिली, थंडीत घर गरम ठेवणारा बॉयलर बघायला.

आता ती रात्र. गुरुवार, दोन हजार चोवीसची पंचवीस जानेवारी. पौष पौर्णिमा.

दिवसा दोघं चालले होते. तिथं सगळे लोक तोच रस्ता चालतात. मोठं चर्च, त्याचा उंच मनोरा, मग गल्ल्यांतून खाली नदीवर, तिथं एक जुना बुरूज, त्याला सोन्याचा बुरूज म्हणतात. तिथून काठाकाठानं बैलांच्या झुंजीचं गोल मैदान, मग लोखंडी पूल, पलीकडं ट्रियाना म्हणून कुंभारांची जुनी वस्ती. नदीचं नाव मला येत नाही, जीभ अडकते. पुरुषोत्तमचे पाय बुरुजापाशीच थकले. बाकावर बसले, पाणी प्याले, सुलक्षणा म्हणाली पूल उद्या करू. परत फिरले.

रात्री झोपताना त्याच्या लक्षात आलं. पिशवी बाकावरच राहिली.

पावणेबाराला उठला. पोरीला उठवलं नाही. कोट घातला, बूट घातले, आणि पिशवी आणायला निघाला. लांब नव्हतं.

कानातलं मशिन हॉटेलात टेबलावर राहिलं.

"मग त्यांना काहीच ऐकू येत नसणार," क्षितिज म्हणाला.

काहीच नाही. तेच सांगतोय. चर्चपाशी पोरंपोरी हसत उभी होती, त्यांची नुसती तोंडं हलताना दिसली. एक सायकलवाला अंगावर आला, त्यानं घंटी वाजवली असेल, याला पत्ता नाही. चांदणं पडलेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्री लागलेली. यानं मान खाली घातली आणि चालत राहिला. वर बघवेना, म्हणाला.

बुरुजापाशी आला. बाक होता. पिशवी नव्हती.

इकडं शोधलं, तिकडं शोधलं. कचऱ्याच्या पेटीत हात घालून बघितलं. नाही. मग बसला त्या बाकावर आणि रडला. वहिनी गेल्या तेव्हा रडला नव्हता, मी होतो तिथं. एका कापडाच्या पिशवीसाठी रडला.

परत जायचं तर उजवीकडं. हा उठला आणि डावीकडं वळला. पुलाकडं. का, ते त्यालाही सांगता येत नाही. म्हणाला, तिचा पूल राहिला होता.

काठाकाठानं चालायला लागला. नेहमीसारखा. भराभर.

गोल मैदानापर्यंत काही नाही.

मग आवाज आला.

मागून.

दगडावर पाऊल. मग एक पाय ओढल्याचा आवाज. पाऊल... आणि ओढलेला पाय. आणि बोटांतली जोडवी दगडाला लागल्याचा. टिक.

ज्याला घंटी ऐकू आली नाही, त्याला हे ऐकू आलं.

तो थांबला. आवाज थांबला.

तो चालला. पाऊल... ओढलेला पाय... टिक.

तुम्हाला माहीत आहे ना? रात्री मागून हाक आली तर ओ द्यायची नाही. मागं बघायचं नाही. माझ्या आईनं मला सांगितलं, त्याच्या आईनं त्याला. जो ओ देतो तो जातो. पुरुषोत्तम सत्तर पार केलेला माणूस, पण मान ताठ झाली.  देवाचं नाव घेत चालत राहिला. पूल समोर दिसत होता. दिवे लागलेले. पुलावर माणूस नाही.

पुलाच्या तोंडाशी पोचला.

"अहो."

वरदानं मांडीवरची उशी घट्ट धरली. मी सांगतच राहिलो.

"अहो... थांबा जरा."

तोच आवाज. दमलेला. रागावलेला नव्हे. जसा जन्मभर यायचा तसा.

त्याचा हात वर गेला. सवयीनं. चल, चल म्हणायला. अर्ध्यात थांबला तो हात. आणि पुरुषोत्तमनं काय केलं... त्यानं ओ दिली.

म्हणाला, "थांबलोय गं. ये."

थांबला. मागं बघितलं नाही, भीती होतीच. पण थांबला. पावलं जवळ आली. हळू. फार हळू. मला म्हणाला, शशी, ती एवढी हळू चालायची हे मला ठाऊकच नव्हतं. पावलं अगदी पाठीशी आली. जाईच्या वेणीचा आणि हिंगाचा वास. हा कठड्याला टेकून बाजूला झाला.

"तू हो पुढं," म्हणाला. "मी येतो मागनं."

पावलं त्याच्या बाजूनं पुढं गेली. पुलावर. दिसलं काही नाही. नुसता आवाज.

हा मागनं निघाला. तिच्या चालीनं. एक पाऊल... मग थांबायचं. एक पाऊल... मग थांबायचं. खाली पाणी, चंद्र. पूल अर्धा झाला. तेव्हा त्यानं विचारलं.

"त्या दिवशी... हाक मारली होतीस का?"

पुढची पावलं थांबली.

काही नाही.



मग हाक आली. पण पुढून नाही. पाठीमागून. लांबून, पुलाच्या त्या टोकाकडून, जिथून हा आला होता तिथून.

"अहो."

थोडं थांबून... "अहो, थांबा..."

आणि मग अगदी बारीक... "अहो..."

आणि बटाटे. फुटपाथवर बटाटे पडून घरंगळत गेल्याचा आवाज. तो आवाज कुठला, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो आमच्या हाउन्सलोच्या कोपऱ्यावरचा होता. त्या दिवशी ऐकायचा राहिलेला.

पुरुषोत्तम गर्रकन मागं वळला. जन्मात पहिल्यांदा.

कुणी नव्हतं. दिवे. रिकामा पूल.

परत पुढं बघितलं तर पावलं निघाली होती. ट्रियानाच्या बाजूला. आता पाय ओढल्याचा आवाज नव्हता. भराभर. हा धावला, हाका मारत धावला, "अगं, थांब. थांब जरा." गाठता आलं नाही. पलीकडच्या काठावर झाडांत आवाज गेला... आणि बंद झाला. मग सगळंच बंद. तो पुन्हा बहिरा.

"बापरे," क्षितिज हळूच म्हणाला. "पण काका, त्यांना गिल्ट होता. अशा वेळी माणसाला काहीही ऐकू येतं."

"येत असेल. तू शिकलेला. मी सामान उचलणारा माणूस, मी बघितलं तेवढंच सांगतो. आता मी बघितलेलं ऐक."

शुक्रवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो, बॉयलर बघायला. गुरुवारी संध्याकाळीही गेलो होतो, सगळं जागच्या जागी. दाराला कुलूप मीच लावलेलं, किल्ली माझ्याच खिशात. किचनमध्ये उभा होतो, तेवढ्यात फोन वाजला. पुरुषोत्तम. पोरीनं कानात मशिन घालून दिलं होतं. त्यानं हे सगळं सांगितलं, जसं तुम्हाला सांगितलं तसं. बाक, पूल, हाका. मी ऐकत होतो, आणि बोलता बोलता माझी नजर दारामागच्या खिळ्यावर गेली. वहिनी बाजारातून आल्या की पिशवी तिथं अडकवायच्या. नोव्हेंबरपासून तो खिळा रिकामा होता.

तिकडं तो फोनवर बोलतच होता. मग म्हणाला, "शशी, ती पुढं गेली रे. मला थांबता थांबता उशीर झाला. पोचली असेल का घरी?"



खिळ्याला तीच पिशवी होती. भरलेली, खाली ओढलेली. वरून संत्री दिसत होती, देठासकट तोडलेली. आणि पानं अजून ओली होती.