चिमट्याची कच्ची वही

काल संध्याकाळी लगोरीचे सातही दगड झपाझप रचणाऱ्या चिमट्याला आज तिसरा दगडसुद्धा ठेवता येईना. तार तुटली नव्हती, बॅटरी काठोकाठ भरलेली होती. मग एका रात्रीत असं झालं तरी काय?

चिमटा म्हणजे भाऊआजोबांनी बनवलेला, बोलणारा यंत्रहात. आजोबांनी जन्मभर यंत्रमानवांवर संशोधन केलं होतं आणि आता त्यांना एक्याऐंशीवं लागलं होतं. चंद्रावरच्या वसाहतीत दगडी भिंती रचायला एक यंत्रहात पाठवायचा होता, त्याची निवड आज दुपारी बाराला होती. त्यासाठी चार महिने रोज शाळेतून आल्यावर त्यांची नात शाल्मली चिमट्याकडून सराव करून घेत होती. दोन हजार तीनशे अकरा वेळा!

"काल तू याला काही केलंस का गं?" आजोबांनी विचारलं.

शाल्मली म्हणाली, "फक्त साफ केलं, आजोबा. मनोरा पडला ते सगळे प्रयत्न त्याच्या मेमरीतून पुसले. परीक्षकांना बरोबर आलेलंच दिसावं म्हणून."

तिची पक्की वही शाळेत वर्गभर फिरवली जायची. कच्ची वही मात्र रद्दीत जायची, तिच्याकडे कोण बघतंय?

आजोबा रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"डोळे मीट आणि हा दगड त्या दोन दगडांवर ठेव," ते म्हणाले. तिने ठेवला. धप्प आवाज झाला. "कुठल्या बाजूला पडला?"

"डोळे मिटलेत ना, मला काय ठाऊक?"

"मग पुढच्या खेपेला हात कुठे सरकवशील?"

शाल्मलीने डोळे उघडून दगड कुठे पडलाय ते पाहिलं.

"डावीकडे पडलेला दिसला, तर हात जरा उजवीकडे नेशील. याला म्हणतात प्रतिपोष (चुकीची बातमी परत हातापर्यंत पोचणं). चिमटा दर वेळी केसभरच सुधारायचा, पण दोन हजार वेळा. दगड कलला की कसं सावरायचं, हे त्याला पडलेल्या मनोऱ्यांनी शिकवलं होतं. तू न पुसता ठेवलेस ते मनोरे कधी कललेच नव्हते."

"पुसलेलं परत आणता येईल?"

"नाही, बाळा."

बारा वाजून गेले. ती दोघं घरीच होती.

"पुढची निवड तीन वर्षांनी," आजोबा म्हणाले आणि बराच वेळ चष्म्याची काच पुसत राहिले. तीन वर्षांनी आजोबांना चौऱ्याऐंशीवं लागेल, हा हिशेब शाल्मलीने मनातल्या मनात केला आणि तिला रडू आवरेना. आपल्या टापटिपीचा तिला पहिल्यांदाच राग आला.

संध्याकाळी तिने दगड पुन्हा मांडले. चिमट्याने दुसऱ्यावर तिसरा ठेवला आणि सगळे घरंगळले. "प्रयत्न पहिला," चिमटा म्हणाला. "पडला. डावीकडे कलला होता."

शाल्मलीने नवी वही उघडली आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

आजोबा खुर्ची ओढून शेजारी बसले. "पेनाने लिहितेस? चुकलं तर पुसता नाही यायचं."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि तिने खाली आकडा टाकला, दोन.