विकाऊ गाडीचे नवे टायर

हैबती सापडला तो सकाळी, वाडीच्या खालच्या वळणावर, गटारात. डोकं फुटलेलं, पाय मोडलेला, अंगावर रात्रभरचा पाऊस. बयाबाईला, त्याच्या बायकोला, आधी काठी दिसली आणि मग तो. श्वास चालू होता. घाटीच्या पायथ्याच्या कापडे गावची माणसं वर धावली, घोंगडीची झोळी करून त्याला खाली उतरवलं आणि महाडच्या दवाखान्यात पोचवलं. पण शुद्धीवर काही तो आला नाही.

वळणावरच्या चिखलात चाकांचे ठसे होते. आता ती घाटी अशी, की परतीच्या पावसात तिथे साधी गाडी चढूच शकत नाही. चारही चाकं ओढणारी गाडी लागते. अशी गाडी अख्ख्या वाडीत एकच, हैबतीच्या पुतण्याची, किरणची जुनी जीप. त्यात चुलत्या-पुतण्याचं बांधावरून वाजलेलं, तेही आदल्याच आठवड्यात, सगळ्या वाडीच्या कानांदेखत. बयाबाईचा धाकटा भाऊ राजेश दासगावहून धावत आला, बहिणीला घेऊन फिर्याद द्यायला गेला, आणि संध्याकाळी किरण कोठडीत. लोकांना तेवढं पुरलं.

उज्वलाला मात्र पटेना. ती पोलादपूरची गुरांची डॉक्टर. गेले तीन पावसाळे किरणच तिला वाडी-वाडीवर न्यायचा. चढाच्या तोंडाशी तो दर वेळी खाली उतरायचा, पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेला खटका हाताने फिरवायचा, मगच आत बसून फोर व्हीलचा दांडा ओढायचा. खाली आलं की परत तेच उलटं. एकदा तिने वैतागून विचारलं होतं, दर वेळी ही कवायत कशाला? खटका लावलेलाच ठेवला तर डांबरावरसुद्धा पुढचं सगळं यंत्र फुकट फिरत बसतं, गाडी गुणगुणते आणि डिझेल ढोसते, असं त्याने समजावलं होतं.

ती कोठडीत भेटायला गेली तेव्हा हा गडी चार दिवसांत निम्मा झाला होता.

"जीपचा पुढची चाकं फिरवनारा शाफ्ट मी पंधरवड्यामागंच काढून ठेवलाय, मॅडम. मागच्या दोनच चाकांवर चालती ती. त्या चिखलात वळणापत्तर पन चढली नसती."

"मग हे सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. नंतर काढला असशील म्हनतात." तो खाली बघत राहिला. "चुलता गेला तर खुनी म्हनूनच मरायचं मी. आनि खरं सांगू? त्याच्यानंच मला बैल धरायला शिकवलं."

बाहेर हवालदार नागसेनने तिला मोबाइलवर ठशाचा फोटो दाखवला. ठोकळ्या-ठोकळ्यांची नक्षी, चिखलात चालवायच्या टायरची. पण कडेचा एक ठोकळा गायब, तिथे ठशात रिकामी जागा. किरणच्या टायरांची नक्षी तशीच होती, मात्र त्याचे ठोकळे सगळे जागच्या जागी होते. पावसाने ठसे पुसट झालेत, त्यावर शपथ कोण घेणार, असं नागसेनचं म्हणणं. माणूस चांगला होता, पण वरच्याशी वाद घालायचा त्याचा स्वभाव नव्हता.

इकडे किरण आत आणि वरच्या वाड्यांवर गुरांना लाळ-खुरकूत. चालत जाऊन जाणार किती? उज्वलाने ठरवलं, स्वतःचीच जुनी फोर व्हील घ्यायची, आणि ती गाड्या बघत फिरू लागली.

महाडात जुनी गाडी घेणारा माणूस इंजिन नंतर बघतो. आधी तो सीटबेल्ट मुळापासून ओढून काढतो, कारण दोन हजार एकवीसच्या पुरात बुडालेली गाडी कितीही धुवा, पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागात गाळ उरतोच. पहिल्या गाडीचा पट्टा तिने ओढला तर आत गाळाची पिवळी रेघ. चहा सांडला असेल, असं विकणारा म्हणाला. एवढा चहा एकट्या सावित्री नदीलाच सांडता येतो, असं त्याला सांगून ती निघाली. दुसरी गाडी पेट्रोलवरची, लिटरला सात देणारी. ती घेतली असती तर सगळा पगार टाकीत गेला असता.

तिसरी गाडी तिला दवाखान्यात सापडली. ती हैबतीला बघायला गेली होती. राजेश मेहुण्याच्या उशाशी बसलेला, डोळे तांबारलेले. बहिणीला तो घासभर तरी खा म्हणत होता. नर्सपासून शेजारच्या पेशंटपर्यंत जो तो म्हणत होता, भाऊ असावा तर असा. दाजींच्या उपचारासाठी आपली फोर व्हील विकायला काढलीय, असं त्याने सांगितलं. गाडी घ्यायचीच तर याचीच घ्यावी, असं उज्वलाने मनाशी म्हटलं.

गाडी होती छान. डिझेलची, पट्टे कोरे करकरीत, बॉडीला कुठे डाग नाही. टायर तर चारही नवेकोरे, गुळगुळीत नक्षीचे, डांबरासाठीचे.

"टायर आत्ताच घातलेत?"

"व्हय. घेनाऱ्याला बरं पडावं म्हनून."

"अॅव्हरेज?"

"पंधरा. एक थेंब कमी नाय."

"डोंगरात किती चाललीय?"

"डोंगरात?" राजेश हसला. "डांबर सोडलंच नाय हिनं कधी. लग्नकार्य नायतर मुंबई. फोर व्हीलचं मला काय कळत बी नाय, दांड्याला हात लावला नाय. आनि गाडी मी दुसऱ्याच्या हातात देत नाय, इचारा कुनालाबी."

एक दिवस चालवून बघा म्हणाला. तिने महाडला टाकी काठोकाठ भरली, पोलादपूरपर्यंत दोन खेपा केल्या आणि पुन्हा काठोकाठ भरली. हिशेब केला तर बारासुद्धा बसेना. शिवाय वेग घेतला की पुढच्या बाजूने एकसारखं गुणगुणणं. तिने गाडी रस्त्याकडेला घेतली. पुढच्या चाकाशी वाकली, दुसऱ्या बाजूच्या चाकाशी वाकली. मग गाडीच्या मागे जाऊन खाली लटकवलेल्या स्टेपनीकडे बघितलं. ती जुनी होती आणि तिच्यावर ठोकळ्यांची नक्षी होती. कशालाही हात न लावता तिने नागसेनला फोन केला आणि बराच वेळ बोलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने गाडी दवाखान्याच्या आवारात आणून लावली. राजेश चाव्या घ्यायला खाली आला. बयाबाई पायरीवर बसली होती, मांडीवर नवऱ्याचे धुतलेले कपडे घेऊन.

"गाडी आवडली," उज्वला म्हणाली, "पण पंधरा कुठली, बारासुद्धा देत नाही. पुढून गुणगुणते पण. मी राहू देते, दुसरीकडे बघते."

राजेशचा चेहरा पडला. गिऱ्हाईक हातचं जातंय म्हटल्यावर माणसाला दुसरं काही सुचत नाही.

"थांबा वो डॉक्टर. एवढंच व्हय?" तो पुढच्या चाकाशी वाकला, मधला खटका फिरवला, वळसा घालून दुसऱ्या चाकाचा फिरवला आणि हात झटकत उठला. "आता पळवा. पंधरा नाय दिली तर बोला."

"काय केलंत?"

"खटका लावलेला ऱ्हायला व्हता." बोलता बोलता तो थांबला.

"तुम्हाला तर फोर व्हीलचं काही कळत नाही. गाडीने डांबर सोडलं नाही. गाडी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. मग हा खटका लावला कुणी, राजेशभाऊ?"

फाटकातून नागसेन आत येत होता, एक जुना टायर ढकलत.

उज्वला थांबली नाही. "खटका लावतो तो चढणारा, आणि खाली आल्यावर काढतो. काढायचा तर घाटीच्या पायथ्याशी, कापड्याच्या माणसांसमोर, उतरून वाकावं लागतं. त्या संध्याकाळी तुम्हाला कुणी बघायला नको होतं. म्हणून आत बसल्या बसल्या दांडा तेवढा मागे घेतलात आणि खटका राहिला. मग टायर. विकणारा कधी नवे टायर घालतो का? जुन्यावरच विकतो. तुम्ही चारही बदललेत, कारण त्यांचे ठसे वर पडले होते. पाचवा खाली लटकत राहिला, तो तुमच्या ध्यानात आला नाही. आणि ही गाडी दाजींसाठी विकताय असं आम्ही सगळे समजत होतो. तुम्हाला ती डोळ्यांसमोरून घालवायची होती."

नागसेनने टायर आडवा केला. टायरवाल्याकडे तो अजून पडून होता. कडेचा एक ठोकळा मुळापासून निघालेला. नागसेनने मोबाइलवरचा फोटो शेजारी धरला.

राजेश गाडीला टेकून खाली बसला. मग सगळं बाहेर आलं. मुंबईचं एक गिऱ्हाईक वाडीवरची जागा मागत होतं. हैबती विकायला तयार नव्हता. आधी गिऱ्हाईक पक्कं करू, दाजींना नंतर वळवू, म्हणून राजेश कुणाला न सांगता फोटो काढायला वर गेला. उतरताना पाऊस आला, वळणावर ब्रेक धरेना, आणि गुरं घेऊन येणारा हैबती पुढ्यात आला.

"मुद्दाम नाय केलं, ताई. देवाशपथ." तो रडत होता. "मला वाटलं, संपले दाजी."

बयाबाई पायरीवरून उठली. कपडे तिने तिथेच नीट ठेवले आणि ती भावासमोर येऊन उभी राहिली.

"राजा, खरं सांग. कन्हत व्हते का ते?"

राजेशने मान हलवली.

"व्हय."

"गुरं एकलीच घरला आली तवा मी बॅटरी घिऊन हाका मारत उतरत व्हते. ती हाक ऐकलीस?"

"ऐकली, ताई." त्याने तोंड झाकून घेतलं. "ती ऐकली म्हनूनच पळालो."

बयाबाईचा हात वर गेला. ती मारणार असं उज्वलाला वाटलं, पण तिने नुसता पदर डोळ्यांना लावला आणि ती नागसेनकडे वळली.

"हवालदार, किरणचं नाव मी घेतलंवतं. ते माघारी घ्याचं हाय. कुठं सही करू?"

उद्या साहेब आले की करू, असं काहीतरी नागसेन पुटपुटला.

"उद्या नाय. आत्ता चला, मी येते संगतीनं," ती म्हणाली. "ह्यांनी डोळं उघडलं तर पुतन्या म्होरं पायजे त्यांच्या. दुसरं मानूस ऱ्हायलंय कोन आता आम्हाला?"