पिवळं दुपटं

मार्नीचा फोन आला तेव्हा आम्ही ऑरेगनच्या किनाऱ्यावर बसून तळलेले मासे खात होतो.

"आई, डॉक्टर म्हणतायत बाळ नोव्हेंबरपर्यंत थांबणार नाही. निघा आता!"

माझा नवरा व्हर्लिन इतक्या झटक्यात उठला की सॉसची वाटी त्याच्या मांडीवर उपडी झाली. "अडीच हजार मैल! लोरेन, आपण आजी-आजोबा होणार!"

"आधी पँट पूस, आजोबा."

आम्ही दोघंही निवृत्त. त्यानं पस्तीस वर्षं शाळेची बस चालवली. मी ओहायोतल्या आमच्या वूस्टर गावात औषधाच्या दुकानात गोळ्या मोजल्या. मोजल्याशिवाय काही खरं मानायचं नाही, ही माझी खोड तिथलीच. या मे महिन्यात आम्ही आयुष्यात पहिल्यांदा चाकांवरचं घर घेऊन बाहेर पडलो होतो. त्याच्या दाराशेजारी देशाचा नकाशा होता. ज्या राज्यात मुक्काम केला, त्याचंच स्टिकर लावायचं. नुसतं पेट्रोल भरलेलं व्हर्लिन धरत नसे. आणि मी दर राज्यात बाळाचं दुपटं चार बोटं विणायची. सात राज्यं, अठ्ठावीस बोटं.

आयडाहोत सकाळी कॉफी ओतताना पाहिलं, तर नकाशावर ऑरेगन कोरं होतं. उन्हानं गोंद सुटला असेल, असं म्हणून मी खाली सगळीकडे शोधलं. स्टिकर काही मिळालं नाही. वायोमिंगला पोचलो तेव्हा आयडाहोही गेलं होतं.

त्या दुपारी मी दुपटं हातात घेतलं. वीस बोटं भरलं. पुन्हा मोजलं, वीसच. टाके सुईवर नीट होते, आणि लोकरीचा गुंडा मात्र चांगला गुबगुबीत झाला होता.

"तू उसवलंस का रे?"

"मी? मला सुई कुठून धरायची ते तरी कळतं का?"

तो भलत्याच खुशीत होता. शिट्टी वाजवत होता, समोरून येणाऱ्या प्रत्येक चाकांवरच्या घराला हात करत होता. नेब्रास्कात मक्याच्या शेतांमधून जाताना म्हणाला, "ऑरेगनला पोचलो की आधी सील बघायचे हं!"

"बघितले की. एक तुझ्या अंगावर शिंकला."

"काहीतरीच काय!" तो खो खो हसला. तो थट्टा करत नव्हता. त्याचे डोळे निघायच्या दिवशी चमकत होते तसेच चमकत होते. त्याला इतकं खूश पाहून मलाही आनंद होत होता, आणि त्या आनंदाचीच मला भीती वाटली.

आयोवातून मी मार्नीला फोन लावला. "पोटात दुखतंय का गं? आम्ही जवळ आलो."

"दुखायला काय झालंय? मस्त आहे. आता उलट्यासुद्धा कमी झाल्यात."

नवव्या महिन्यात? फोन ठेवल्यावर मी दुपटं मोजलं, बारा बोटं. मग म्हटलं, "व्हर्लिन, आपण इथेच थांबू या. पुढे नको."

"वेडी आहेस का? सगळा प्रवास बाकी आहे अजून!" आणि त्यानं वेग वाढवला.

मला नातवंड बघायचं होतं, दुसरं काही नको होतं. इलिनॉयमध्ये आठ बोटं राहिली. इंडियानात चार. ती चार बोटं मी मनगटाभोवती गुंडाळली, वरून दुसऱ्या हातानं घट्ट दाबून धरली आणि रस्त्यावरून नजर हलू दिली नाही.

ओहायोची पाटी आली.

काही ओढलं गेलं नाही. काही टोचलं नाही.

मनगट मोकळं होतं. सुया मांडीवर होत्या. गुंडाही नव्हता.

वूस्टरला ऊन होतं. मार्नी अंगणात उभी होती. तिचा सदरा पोटावर सपाट होता.

"कुठे फिरवून आणलंत घर?" ती म्हणाली. "सगळं भरून झालं ना? उद्या निघायचंय. आणि आई, बाळाच्या आधी परत यायचं हं. मला वचन दे."

मी तिला जवळ घेतलं. माझं रडू तिला प्रवासाच्या आनंदाचं वाटलं. "दिलं," मी म्हटलं.

दाराजवळच्या नकाशावर एकही स्टिकर नव्हतं. व्हर्लिन शिट्टी वाजवत पुढची काच पुसत होता.

"आणि ही घे, वाटेत विणायला. आजच आणली." मार्नीनं दुकानाच्या पिशवीतून पिवळ्या लोकरीचा नवा गुंडा काढला. त्यावरचा कागदी पट्टा अजून फाडलेला नव्हता.

खरं सांगते, तो हातात घेताच मलाही उद्याची घाई झाली. समुद्र, सील, तळलेले मासे! मी पट्टा फाडला आणि धागा ओढला.

उसवलेली लोकर कुरळी राहते, हे विणणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. ही कुरळी तर होतीच. पण घासून घासून ती शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक झाली होती, आणि तिच्यात आतपर्यंत जागोजाग माझे पांढरे केस अडकले होते.