आत शिल्लक : एक

शाळा सुटल्यावर शाळेत कोणीही उरलेलं नाही, हे रोज सिद्ध करणं हे माझं काम. अकराशे मुलं, बासष्ट शिक्षक, बाकी कर्मचारी, आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड. गेटवर आत येताना यंत्राला कार्ड लावायचं, टुक् असा आवाज होतो, हिरवा दिवा लागतो, आडवा दांडा फिरतो आणि माणूस आत. जाताना पुन्हा तेच. वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. तिथल्या पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, ‘आत’ या नावाचा. तो सकाळी फुगत जातो आणि संध्याकाळी ओसरतो. शेवटी आत मी एकटा उरलो, आकडा एकावर आला, की मी घरी जायला मोकळा, आणि गेटवर माझं कार्ड लागलं की शून्य.

मुलं मला कार्डसर म्हणतात. मी कुठलाही विषय शिकवत नाही, पण शाळेत चारचौघांसारखा शर्ट घालून फिरणाऱ्या पुरुषाला ‘सर’ म्हणण्यावाचून मुलांपुढे पर्याय नसतो. बायको द्वारपाल म्हणायची. ती इथेच ग्रंथालयात होती.

आतल्या खोल्यांच्या दारांवरही यंत्रं आहेत, पण ती कुणाला अडवत नाहीत. आग लागली तर दारं उघडी हवीत, म्हणून ती फक्त कोण कुठे गेलं ते टिपतात. अडवतं ते एकटं गेट, तेही दोनच कारणांनी. कार्ड बंद केलेलं असेल तर, किंवा नोंदीप्रमाणे आधीच बाहेर असलेला माणूस पुन्हा बाहेर जायला लागला तर. हे दुसरं कारण नववीच्या मुलांचं कर्तृत्व. एकाच्या कार्डावर पाच जण दुपारी पसार व्हायचे.

तर, गेले सात महिने आकडा शून्यावर येत नाही. एकावर थांबतो. तो एक म्हणजे माझी बायको.

ती दोन कपाटांच्या मध्ये पडली, सकाळी साडेअकराला. स्ट्रेचर गेटच्या दांड्यातून जात नाही, म्हणून रुग्णवाहिका मागच्या, सामान उतरवायच्या दाराला लावली. त्या दाराला यंत्र नाही. मी तिच्या उशाशी चालत जिना उतरलो आणि मग, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, पुढच्या गेटकडे धावलो. कार्ड लावायला. बाहेर पडताना कार्ड लावायचं हा नियम मीच लिहिलेला, पाय आपोआप तिकडे वळले. कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला. इमारतीला वळसा घालून मागे पोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती. दीड मिनिटाचा फरक. मी दुसऱ्या गाडीनं मागोमाग गेलो. इस्पितळात डॉक्टर मला म्हणाले, “आधी बसा.” धडधाकट माणसाला कुणी बसायला सांगितलं की पुढचं कळतंच.

कामावरून गेलेल्या माणसाचं कार्ड दोन दिवसांत बंद करायचं, असाही नियम आहे. तो मी लिहिलेला नाही, पण पाळला मीच. दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन तिचं कार्ड बंद केलं, कात्रीनं दोन तुकडे केले, फॉर्मला स्टेपल करून फाईलला लावले. शिक्षककक्षातले लोक म्हणाले, केवढा धीराचा माणूस. धीर कसला, फॉर्म समोर होता, भरला. त्यात एक चूक झाली. आधी माणसाला बाहेर दाखवायचं आणि मग कार्ड बंद करायचं, असा क्रम आहे. मी उलटं केलं. नंतर दुरुस्त करू म्हटलं. मग ते हातून होईना. रोज संध्याकाळी रजिस्टरमध्ये मी हातानं शून्य लिहायचो आणि पडद्यावरचा तो जादा एक तसाच ठेवून दिवा बंद करायचो.

“कार्डसर, तो एक काय आहे हो?” सोमवारी मुख्याध्यापिका बाई माझ्या खोलीत येऊन म्हणाल्या. “शुक्रवारी सुरक्षा तपासणीवाले येतायत. त्यांना काय सांगू, आमच्याकडचं एक माणूस सात महिने घरीच गेलं नाही?”

“जुनी नोंद आहे, बाई.”

“मग काढा की. मुलानं कार्ड उलटं लावलं तरी तुम्ही त्याच्या वडिलांना पत्र धाडता.” मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “कुणाची आहे ते मला माहितीये. तुम्हाला जड जात असेल तर मी काढते.”

“नको. मी काढतो.”

त्या गेल्यावर मी सात महिन्यांत पहिल्यांदा तिच्या नावाचं पान उघडलं.

पान रिकामं असायला हवं होतं. ग्रंथालय, आठ दहा. शिक्षककक्ष, अकरा पाच. ग्रंथालय, अकरा वीस. तांत्रिक कक्ष, एक पाच. ग्रंथालय, दीड. ही त्या सोमवारचीच नोंद होती. आदल्या शनिवारची काढली, तीच. मागच्या महिन्याची, तीच. रविवारी काही नाही, सुट्टीला काही नाही, बाकी एकही दिवस खाडा नाही. जिवंतपणी इतकी चोख हजेरी तिला कधी जमली नव्हती.

यंत्रं बसवणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाला फोन लावला. पोरगेलासा आवाज, मागे कुठेतरी ड्रिल चालू.

“घोस्ट रीड असणार, सर,” तो म्हणाला आणि गडबडीनं पुढे, “म्हणजे कार्ड नसताना उमटलेली नोंद, तो तांत्रिक शब्द आहे. कार्ड कुठाय?”

“दोन तुकडे करून फाईलला लावलंय.”

“मग काहीच प्रॉब्लेम नाही!”

“नोंदी होतायत, त्याचं काय?”

“तुम्ही रीस्टार्ट करून बघा. मी इकडून सगळ्या याद्या काढून पाठवतो.”

रीस्टार्ट केलं. शाळेतले सगळे दिवे यंत्रागणिक लाल होऊन पुन्हा हिरवे झाले. तिची पावणेचारची एक नवी नोंद तेवढी आली, ग्रंथालयाची.

तांत्रिक कक्ष म्हणजे माझी खोली. एक पाच म्हणजे जेवणाची सुट्टी. ती डबा घेऊन वर यायची, दीडपर्यंत बसायची. मंगळवारी मी एक वाजताच डबा उघडून दाराकडे तोंड करून बसलो. बाहेर मुलांचा गोंगाट होता, खाली मैदानावर कुणीतरी शिट्टी फुंकत होतं. एक पाचला दारावरचं यंत्र टुक् करून वाजलं. हिरवा दिवा लागला, विझला.

दार अर्धवट उघडं होतं, तसंच राहिलं.

तो आवाज मला नवा नव्हता. सात महिने रोज जेवताना मी तो ऐकत होतो आणि कुणीतरी जाता जाता कार्ड लावून गेलं असेल म्हणून पुढचा घास घेत होतो. आता मात्र घास हातातच राहिला. खोलीत डिंकाचा वास आला, पुस्तकांच्या बांधणीला लावतात त्या डिंकाचा. तिच्या बोटांवर तो वाळलेला असायचा आणि जेवताना ती तो नखानं सोलत बसायची. समोरच्या खुर्चीवर छातीएवढा फायलींचा ढीग होता. सात महिन्यांचा. म्हणजे इतके दिवस ती उभीच होती.

बुधवारी मी खुर्ची रिकामी केली. फायली खिडकीत रचल्या, खुर्ची पुसली. एक पाचला टुक् झालं तेव्हा “बस” म्हणालो. आवाज चमत्कारिक निघाला, मुलाखतीला आलेल्या माणसाला म्हणतो तसा. मग बोलत गेलो. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय. लेकीचा फोन येतो, ती मला ‘जेवलात का’ विचारते आणि उत्तर ऐकून घेत नाही. तुझ्या भावानं पुन्हा दाढी वाढवलीय, आता तर अगदीच परीक्षेत नापास झालेला ऋषी दिसतो. इथे ती नक्की हसली असती. मी तिच्यासाठी जागा सोडून थांबलो. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. दीडला यंत्र वाजलं आणि वास गेला.

मी त्या दिवशी ठरवून टाकलं. नोंद काढायची नाही. बाईंना सांगायचं, यंत्रणेत दोष आहे, दुरुस्त होत नाही. तपासणीवाल्यांनी काय शेरा मारायचा तो मारू दे. माझी बायको आत होती. घरी नव्हती, इस्पितळात नव्हती, पण एका इमारतीत होती आणि त्या इमारतीच्या दारांवर माझा ताबा होता. विधुराला यापेक्षा बरी व्यवस्था मिळते असं ऐकिवात नाही.

तीन वाजता तंत्रज्ञाच्या याद्या आल्या. त्यांत एक यादी मी कधी बघत नसे, गेटनं नाकारलेल्या लोकांची.

तिचं नाव त्या यादीत रोज होतं.

मुख्य गेट, बाहेर, चार चाळीस, नाकारले, कार्ड बंद. चार एक्केचाळीस, नाकारले. चार त्रेचाळीस, नाकारले. त्यानंतर ग्रंथालय. सुरुवातीच्या महिन्यांत दोन-तीनदा प्रयत्न आणि मग परत. मागच्या आठवड्यात एका दिवशी अकरा वेळा.

चार चाळीस ही आमची वेळ. ती गेटपाशी जाऊन खालून हाक मारायची, “अहो द्वारपाल, सगळ्यांना घरी सोडता, मला कधी?” मी खिडकीतून पाच बोटं दाखवायचो. पाच मिनिटं. कधी पाचाची वीस व्हायची, कारण दोन पोरं स्वच्छतागृहात आरशासमोर भांग पाडत असायची आणि आकडा चारावर अडलेला असायचा, ती दोन आणि आम्ही दोघं. ती तिथेच उभी राहायची. एकटी कधी पुढे गेली नाही.

म्हणजे सात महिने ती रोज घरी निघत होती. आणि तिचं कार्ड मी बंद केलेलं होतं.

त्या रात्री मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. सकाळी दाढी केली, तिला आवडायचा तो निळा शर्ट घातला. आज तिच्याबरोबर गेटमधून बाहेर पडायचं, एवढंच डोक्यात होतं. पुढे काय, तिच्याबरोबर घरापर्यंत जाता येईल का, की दांड्यापलीकडे काहीच नसेल, याचा विचार केला नाही. त्या दिवशी राहून गेलं होतं तेवढं करायचं होतं.

परीक्षेचे दिवस होते, शाळा दोनला सुटली. एक पाचला ती येऊन गेली. मी नुसता बसलो. साडेतीनला शिक्षक गेले. चारला मुख्याध्यापिका बाई गेल्या. जाताना दारातून म्हणाल्या, “उद्या दहाला येतायत हं ते.” साडेचारला आकडा दोनावर आला. ती आणि मी. गेटवरच्या काकांना कार्ड नाही, ठेकेदाराचा माणूस म्हणून ते यंत्रणेच्या लेखी आतही नसतात आणि बाहेरही.

चार अडतीसला मी तिचं कार्ड पुन्हा चालू केलं. पडद्यानं विचारलं, नक्की? मी हो म्हटलं.

आता उठून खाली जायचं होतं. पण गेटपर्यंत बदल पोचायला मिनिट-दीड मिनिट लागतं आणि तोवर पडदा उघडा टाकून खुर्ची सोडायची नाही, हा नियम. माझाच. पडद्याच्या तळाशी एक हिरवी पट्टी सरकत होती. पूर्ण झाली की उठतो, असं मी म्हटलं. कुणाला म्हटलं, कोण जाणे.

पट्टी भरली. चार चाळीस.

मुख्य गेट, बाहेर. तिचं नाव. स्वीकारले.

आकडा एक झाला.

मी खुर्ची मागे ढकलली. तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उमटली.

मुख्य गेट, बाहेर. माझं नाव. स्वीकारले.

आकडा शून्य झाला.

माझं कार्ड माझ्या गळ्यात होतं. मी ते मुठीत धरलं, गार होतं.

जिना उतरताना एक पायरी चुकली. गेटपाशी पोचलो तेव्हा दांडा अजून थोडा हलत होता. मी कार्ड लावलं.

लाल.

पुन्हा लावलं. लाल. यंत्रावरच्या बोटभर पडद्यावर अक्षरं आली : आपण आधीच बाहेर आहात.

दांड्यापलीकडे रस्त्यावर स्वच्छ ऊन पडलं होतं. कोपऱ्यापर्यंत चिटपाखरू नव्हतं.

गेटवरचे काका खुर्चीवरून उठले. ते चार महिन्यांपूर्वी कामाला लागले, तिला त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

“अरेच्चा, साहेब, तुम्ही परत कधी आत आलात?”

मी तिसऱ्यांदा कार्ड लावलं. लाल.

“आत्ता गेलात की तुम्ही बाईंबरोबर. मी नमस्कार केला, तर तुमचं लक्षच नाही.”

“कोण बाई?”

“आता ते मला विचारता होय? घरच्याच असणार.” काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “हसत होता साहेब तुम्ही. चार महिन्यांत पहिल्यांदाच बघितलं, म्हणून लक्षात राहिलं.”